पट्टी मातीत कशी ठेवू?

मंगळवार, १४ जानेवारी

ही वही ऋतिकाने दिली. तिच्या कॉलेजातली आहे, पानापानावर उभ्या रेघा मारलेल्या, आकडे भरायला. म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते यात लिही. मला जरा अभ्यास करू दे." मी म्हटलं, बाय, माझी शाळा चौथीपर्यंत. माझ्या चुका कोण काढत बसणार? तर म्हणते, चुका झाल्या तर होऊ दे, फक्त खोडायचं नाही. त्यांच्या मोजणीच्या वहीत तसा नियमच आहे. आकडा चुकला तर रबर लावायचं नाही, गिरगटायचं नाही. एक रेघ मारायची आणि बाजूला बरोबर आकडा लिहायचा. म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते पण दिसतं.

मला नियम आवडला. आमच्या चाळीच्या मीटिंगच्या वहीला लावायला पाहिजे.

आज संक्रांत. तिळाचे लाडू यंदा थोडे कडक झाले. सुशांत म्हणाला, "आये, हे लेथला लावून कापायला पाहिजेत." सुशांत माझा मुलगा, ऋतिकाचा बाप. साकीनाक्याला कारखान्यात लेथवर लोखंड कापतो, त्यामुळे त्याला सगळं लेथवरच सुचतं. पण पुढे जे बोलला ते मला लागलं. ऋतिका आर्किटेक्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाकी सगळ्यात पास, पण मागच्या वेळेला जमीन मोजायच्या विषयात राहिली. केटी म्हणतात त्याला. आता पुन्हा राहिली तर वर्ष जाणार. सुशांत म्हणाला, "या वेळेला राहिली तर बस झालं. मुलीने उन्हात उभं राहून रस्ते मोजायचे, त्यात पण नापास व्हायचं, त्यापेक्षा दुसरं काहीतरी बघू." ऋतिकाने हातातला लाडू तसाच ताटात ठेवला.

मला माहीत आहे ती पास होणार. लहानपणी ती चाळीच्या जिन्याच्या पायऱ्या पावलांनी मोजायची आणि म्हणायची, आजी, सातवी पायरी खोटी आहे. खरंच सातवी बोटभर उंच आहे. चाळीस वर्षं आम्ही सगळे तिथेच ठेचकाळत होतो, कोणाला कळलं नव्हतं.

गुरुवार, १६ जानेवारी

दुर्बीण घरी आली! कॉलेजने चार दिवसांसाठी दिली आहे. पिवळी पेटी, आत कापसात ठेवल्यासारखी दुर्बीण, सोबत तीन पायांची घोडी आणि एक पट्टी. पट्टी म्हणजे आपली वीतभर नव्हे. एकात एक सरकवलेली, उघडली की माझ्या दुपटीपेक्षा उंच. तिच्यावर लाल-काळ्या खुणा, आकडे. काम असं आहे की एकाने ती पट्टी जमिनीवर उभी धरायची, दुसऱ्याने लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. त्यावरून जमीन कुठे उंच, कुठे सखल ते समजतं. मग वहीत मांडायचं, नकाशा करायचा, सरांना दाखवायचा. आपल्याच गल्लीची मोजणी करायची आहे, मारुतीच्या देवळापासून मोठ्या गटारापर्यंत आणि परत.

मी पेटीला हळदकुंकू लावलं. विद्येची वस्तू पहिल्यांदा घरात आली, तिला असंच कसं ठेवणार? ऋतिका ओरडली, "आजी, भिंगाला नको, भिंगाला नको!" भिंगाला कशाला लावीन? मला तेवढी अक्कल आहे.

तिची जोडीदारीण गार्गी. दोघींनी मिळून करायचं होतं, पण गार्गीला कावीळ झाली, ती मुलुंडला घरी झोपून आहे. सुलक्षणा, माझी सून, तिला रविवारी शिकवणीची मुलं. सुशांतला ओव्हरटाइम. ऋतिका डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, "काठीच धरायची आहे ना? मी धरते."

"आजी, तुझी कंबर?"

"कंबर माझी आहे, तुझी नाही."

मग गॅलरीत तिने मला शिकवलं. पट्टी भिंतीला टेकवायची नाही, खांद्याला टेकवायची नाही. दोन्ही हातांत, सरळ, ओळंब्यात. आणि ती हात वर करील तेव्हा पट्टी हळूच स्वतःकडे, मग तिच्याकडे झुलवायची. झुलताना जो सगळ्यात लहान आकडा दिसतो तो खरा, कारण पट्टी तेव्हा बरोबर उभी असते. एकदाच सांगितलं, मला जमलं. ऋतिका म्हणाली, "गार्गीला शिकवायला मला दोन तास लागले होते."

लागणारच. मी डोक्यावर दोन हंडे घेऊन शेताच्या मेरेवरून चालत यायची, वीतभर रुंद बांध तो, खाली चिखल. सरळ उभं राहायला मला कोण शिकवणार? यांना, म्हणजे ऋतिकाच्या आजोबांना, काशीरामना हेच आवडलं होतं म्हणे. बघायला आले तेव्हा मी विहिरीवरून येत होते. यांनी लग्नानंतर सांगितलं, "तुझा चेहरा मी नंतर बघितला. आधी हंडे बघितले, एक थेंब सांडत नव्हता."

रविवार, १९ जानेवारी

आज हात भरून आलेत तरी लिहिणार.

सकाळी आठला सुरुवात. मारुतीच्या देवळाची पायरी, ती आमची पहिली खूण. ऋतिका म्हणाली, या पायरीची उंची आपण शंभर मीटर धरायची. मी म्हटलं, शंभर मीटर? केवढीशी पायरी ती. म्हणाली, धरायची गं, आपण ठरवायचं, आणि परत फिरून इथेच यायचं. परत आल्यावर पण शंभरच आली पाहिजे, तर आपली मोजणी बरोबर. एवढी साधी परीक्षा! आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं, आणि तरी खोटं बोलता येत नाही.

चाळीतले सगळे कठड्यावर. धोंडिराम, आमचा सेक्रेटरी, ब्रश तोंडात ठेवून धावत खाली. "काय गो काकी, बिल्डरची माणसं आली की काय? मला न विचारता?"

मी म्हटलं, "बिल्डर ती बघ, घोडीमागे उभी आहे. माझी नात. तोंड धुऊन ये, मग बोल."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर तिथेच उभे राहून बघत राहिले. ऋतिका वाकून एक डोळा मिटून बघायची, मग वहीत लिहायची, मग हात वर. तिने हात वर केला की मी झुलवायची. मधे रिक्षा आली तर रिक्षावाला पण थांबला. आपल्या पोरीने हात वर केला म्हणून! मी मनात म्हटलं, काशीराम, बघताय ना.

एकच गोष्ट मला पटली नाही. पट्टी जमिनीवर ठेवायची म्हणजे कुठेही. देवळापाशी ठीक होतं, फरशी आहे. पण पुढे मोरीच्या तोंडाशी घाण, पिंपळाखाली कुत्र्यांनी काय काय केलेलं, आणि नळाच्या कोपऱ्यावर तर कायम चिखलाचा राडा, नळ गळतोच. कॉलेजची वस्तू, शिकायची वस्तू, आपण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो आणि ही पट्टी राड्यात रोवायची? मी घरून पाट आणला. माझा फणसाचा पाट, माहेरचा, लग्नात आलेला. घाण असेल तिथे खाली पाट, वर पट्टी. मोरीपाशी, पिंपळापाशी, नळापाशी. ऋतिका लांब होती, मधे सगळ्या स्कूटरी लावलेल्या, तिला सांगायला ओरडत कशाला बसू? तिचं लक्ष आकड्यांवर.

नळाचा कोपरा झाल्यावर ऋतिका म्हणाली, "आजी, तिथेच थांब, हलू नको. मी दुर्बीण पुढे नेते, मग पुन्हा त्याच जागेवर वाचायचं." मी थांबले. तेवढ्यात मथुरा आली, आमची कोळीण, गोराईहून येते, डोक्यावर टोपली. बोंबील ताजे होते, बघताक्षणी कळतं. तिचा गुडघा गेला आहे. "काय गो जानकी, नोकरीला लागलीस? पगार किती?" म्हणाली आणि खाली बसायला लागली. त्या राड्यात! मी लगेच पाट काढून तिला दिला. दारात आलेल्या बाईला पाट द्यायचा नाही तर कोणाला? जागा मी सोडली नाही, पट्टी तिथेच धरली, तशीच, ऋतिकाने हात केला, झुलवली. पुढे सगळी कोरडी जमीन होती, पाटाची गरज पडली नाही. मथुरा तिथेच बसून आमचे बोंबील साफ करत होती.

साडेबाराला परत मारुतीच्या पायरीशी. झालं. ऋतिकाने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. उन्हाने तिचं नाक लाल झालेलं.

बोंबील तळले. झकास.

सोमवार, २० जानेवारी

दुर्बीण परत गेली. कोपरा रिकामा वाटतो.

बुधवार, २२ जानेवारी

काहीतरी बिनसलं आहे.

ऋतिकाने काल आकडेमोड केली, आज पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. शेवटी मारुतीच्या पायरीवर परत यायचं तर पायरी शंभर यायला पाहिजे. ती येते शंभर आणि वर साडेचार सेंटीमीटर. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा पायरी जेवढी होती त्याच्यापेक्षा परत आल्यावर उंच झाली. मी जाऊन बघून आले. पायरी होती तशीच आहे. मारुतीला नारळ पण ठेवला, उगाच राग यायला नको.

"साडेचार म्हणजे किती, दोन बोटं?" मी विचारलं. "एवढ्याशाला काय होतं?"

सुशांत जेवत होता. म्हणाला, "आये, आमच्याकडे केसाएवढा फरक आला तरी जॉब भंगारात टाकतात. साडेचार सेंटीमीटर म्हणजे मोजलंच नाही." मग ऋतिकाकडे न बघता, "सोमवारी दाखवायचं आहे ना?"

ती हो म्हणाली. तिचा आवाज लहानपणी ताप यायचा तेव्हासारखा होता.

मला वाटतं धोंडिरामची दृष्ट लागली. एवढा वेळ बघत होता.

गुरुवार, २३ जानेवारी

तिच्या वर्गातला निहार आला होता. चांगला मुलगा, पायाला हात लावतो. दोघं वहीवर वाकून बसले. मी चहा दिला. निहार म्हणाला, "अगं यार, टेन्शन काय घेतेस? शेवटचे पाच-सहा आकडे थोडे थोडे कमी कर. फरक शून्य येईल. सगळे तेच करतात. सर कुठे तुझ्या गल्लीत येऊन मोजणार आहेत?"

ऋतिका म्हणाली, "पण मी वाचला तो आकडा तो आहे ना."

"मग काय, वर्ष घालवणार?"

ती पेन्सिलीला टोक काढत बसली. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते, माझ्या मनात आलं की करावं तिने. दोन बोटांसाठी पोरीचं वर्ष जायचं? निहार गेल्यावर मी म्हटलं पण, "बाय, देवाला कळतं गं, तू मेहनत केलीस." तिने माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. "आजी, तू चार तास उन्हात उभी होतीस. तुझे आकडे मी खोटे करू?"

माझे आकडे म्हणाली.

शुक्रवार, २४ जानेवारी

सापडलं!! आणि माझ्यामुळे सापडलं!

नीट लिहिते. ऋतिकाने नकाशा काढला होता, मोठ्ठा कागद, आमची गल्ली वरून दिसते तशी. देऊळ, पिंपळ, नळ, गटार. पाणी कुठून कुठे वाहील ते निळ्या बाणांनी दाखवलेलं. काय हात आहे पोरीचा! पिंपळाची पानं पण काढलीत. मी चष्मा लावून बघत होते, तर नळाच्या कोपऱ्याकडून देवळाकडे बाण.

मी म्हटलं, "हा बाण उलटा आहे गो."

"नाही आजी, आकड्यांवरून काढलाय. नळाचा कोपरा देवळापेक्षा उंच आहे."

"उंच? अगं, दर पावसाळ्यात देवळाकडचं पाणी नळावर येऊन साचतं. घोट्याएवढं. तुझा बाप तिथे कागदाच्या होड्या सोडायचा. पाणी काय चढावर चढतं?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "आजी, नळाच्या कोपऱ्यावर तू पट्टी कशावर ठेवली होतीस?"

"पाटावर. मातीत कशी ठेवू?"

"पाटावर."

"मोरीपाशी पण, पिंपळापाशी पण. घाण होती ना."

"आणि मी दुर्बीण पुढे नेली, नळापाशी पुन्हा वाचलं, तेव्हा? तेव्हा पण पाटावरच?"

"तेव्हा पाटावर मथुरा होती."

ऋतिका जी हसायला लागली! पोट धरून, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं पोरीला काय झालं. मग उठली, पाट आणला, उलटा केला, घरातली फूटपट्टी लावून मोजला. साडेचार सेंटीमीटर. काडीचा फरक नाही! माझ्या बापाने सुताराकडून करून घेतलेला पाट आहे, उगाच नाही.

सुशांत दारात उभा होता. म्हणाला, "आये, म्हणजे तूच..."

"बाबा," ऋतिका म्हणाली, "तुमचा चहा थंड होतोय." आणि मला म्हणाली, "आजी, पाटाची उंची वजा करायची राहिली होती. बरं झालं तू सांगितलंस."

बघा. चौथी शिकलेली आजी, पण हिशेबातलं वजा करायचं राहिलेलं मीच दाखवलं. पाणी कुठे जातं ते मला विचारा. मेरा फोडून भाताच्या खाचरात पाणी सोडण्यात बालपण गेलं.

बाण आता सरळ आहे.

सोमवार, २७ जानेवारी

ऋतिका पाट कॉलेजला घेऊन गेली! टॉवेलात गुंडाळून. मी म्हटलं, सरांना बसायला का? म्हणाली, दाखवायला.

दुपारपासून माझं कशात लक्ष नाही. डाळ करपली. सहाला आली, जिन्यावरूनच ओरडली, "आजी, सुटले!" सातव्या पायरीला ठेच लागली तिला, आज तिला पण.

पास. त्या विषयात पास. तिला सगळं सांगायला लावलं मी, दोनदा.

तांडेल सर म्हणून आहेत. खडूस, कोणाशी हसत नाहीत. सगळ्यांच्या वह्या बघत होते, सगळ्यांची मोजणी शून्यावर आलेली. एकेक वही बाजूला ठेवत गेले. हिची उघडली. हिने काही बदललं नव्हतं. चुकीचे आकडे होते तसेच, त्यांच्यावर एकेक रेघ, बाजूला बरोबर आकडे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: पट्टी पाटावर. पट्टी पाटावर. पट्टी पाटावर. नळापाशी शेरा: पाट काढला.

"पाट?" सर म्हणाले.

हिने टॉवेल सोडला. सरांनी खिशातली फूटपट्टी काढून स्वतः मोजला. मग विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी सर," ही म्हणाली. "मी दुर्बिणीतून आकडाच बघत राहिले. पट्टीच्या पायाशी काय आहे ते जाऊन बघितलं नाही."

सर म्हणाले, "एवढ्या वह्यांत चूक असलेली ही एकच. आणि मला खरी वाटली तीही एकच." मग पहिलं पान उलटलं. तिथे पट्टी कोणी धरली ते लिहायचं असतं. मोठ्याने वाचलं, जानकी काशीराम परब. अख्ख्या वर्गासमोर! आणि म्हणाले, "तुझ्या आजीला सांग, ओल्या जमिनीवर पट्टीखाली ठेवायला आम्ही पण एक पाट वापरतो. लोखंडाचा."

म्हणजे माझंच बरोबर होतं!

फक्त एक मला आवडलं नाही. ही चूक माझी असं का म्हणाली? मी रागावले तिला. तुझी कसली चूक? त्या पट्टीचीच असेल, कॉलेजच्या वस्तू कधी धड असतात? ती हसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. एवढी घोडी झाली तरी.

सुशांतने सगळं ऐकलं. जेवताना फक्त विचारलं, "तो लोखंडाचा पाट केवढा असतो?"

शनिवार, १ फेब्रुवारी

सुशांत आज उशिरा आला. डब्याच्या पिशवीतून पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड काढलं आणि ऋतिकासमोर ठेवलं. लोखंडाची गोल तबकडी, ताटलीएवढी, आरशासारखी घासलेली. खाली तीन टोकं, मातीत रुतायला. वर मधोमध एक गोल उंचवटा, त्यावर पट्टी उभी राहील. लेथवर स्वतः केली, काम सुटल्यावर थांबून. कडेला ठोक्याने अक्षरं मारलीत, इंग्रजी. मी विचारलं काय लिहिलंय. ऋतिका म्हणाली, "तुझं नाव, आजी."

सुशांत मोरीकडे हात धुवायला गेला. तिथूनच म्हणाला, "पुढच्या वर्षी पण लागेल ना हे? मोठी मोजणी असते म्हणालीस."

पुढच्या वर्षी म्हणाला. ऋतिकाने ऐकलं. मी पण ऐकलं.

मग ऋतिका मला तबकडी कशी वापरायची ते दाखवायला बसली. "आजी, ही पायाने दाबून रुतवायची. वर पट्टी. मी एकदा वाचलं, मग दुर्बीण पुढे नेली, पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा झाल्याशिवाय ही जागची हलवायची नाही. एवढंच लक्षात ठेव. आधी वर आणि नंतर खाली असं झालं की पुढचं सगळं चुकतं."

मी म्हटलं, "हे आधी सांगायचं ना. मला कोणी सांगितलं असतं तर मी मथुरेला..."

आणि मी थांबले. तिने पण मान वर केली नाही, तबकडी पुसत राहिली. सुशांत आतून उगाच खोकला.

आता सगळे टीव्हीपुढे आहेत आणि मी ही वही घेऊन बसले आहे. मागची पानं काढली. सोमवारचं पान, तिथे मी लिहिलंय, त्या पट्टीचीच असेल. खोडलं नाही. एक रेघ मारली, आणि बाजूच्या रकान्यात बरोबर लिहिलं: चूक माझी. पाट काढला. जानकी.

अख्ख्या वर्गासमोर, सरांसमोर माझ्या नातीने माझी चूक आपल्या नावावर लिहून घेतली आणि माझं नाव पहिल्या पानावर ठेवलं. असं करायला तिला कोणी शिकवलं? त्या कॉलेजात तर शिकवत नसतील.

उद्या रविवार, मथुरा येईल. तिला फणसाचा पाट देईन. लोखंडाचा कोणी आलं तरी हलवणार नाही.